कुलूप मजबूत आहे हे कुणी सिद्ध केलंय? (क्रिप्टोग्राफी आणि अवघडपणाचं गणित)

जांभादगड (धागाकर्ता)

मालवणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात मी एक विधान केलं आणि ते चुकीचं होतं. ते नीट दुरुस्त करायचं आहे, म्हणून हा धागा.

विषय मूळ संख्यांचा होता. फळ्यावर १००१६००६३ ही संख्या लिहिली. म्हटलं, हा दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, त्या शोधा. गुणाकाराला मला अर्धं मिनिट लागलं, उलट यायला तुम्हाला तास पुरणार नाही. याच अवघडपणावर तुमच्या फोनमधल्या बँकेच्या ॲपचं कुलूप, म्हणजे निरोप गुप्त ठेवायची क्रिप्टोग्राफी, उभं आहे, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढलं. १०००७.९९९९५ आलं. हे १०००८ च्या इतकं जवळ कसं, म्हणून तिने १०००८ चा वर्ग करून पाहिला, तर तो माझ्या संख्येपेक्षा बरोबर १ ने मोठा. पुढचं तर शाळेतलंच: क² − १ = (क − १)(क + १). तास संपायच्या आत तिने १०००७ आणि १०००९ सांगितले. लक्षात राहतात म्हणून मी जुळ्या मूळ संख्या घेतल्या होत्या. जवळजवळच्या अवयवांना पकडायची ही रीत फर्माची, सतराव्या शतकातली.

मला त्या मुलीचा फार आनंद झाला. पण घरी आल्यावर 'सिद्ध झालेलं आहे' हे माझं वाक्य सलत राहिलं. वाचायला बसलो तेव्हा कळलं की मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, असं आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. झटपट रीत सापडलेली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याहून मोठा प्रश्नही उघडाच आहे. ज्या प्रश्नांचं उत्तर समोर ठेवलं तर ते झटपट तपासता येतं, त्यांचा वर्ग एनपी. ज्यांचं उत्तर झटपट काढताही येतं, त्यांचा वर्ग पी. हे दोन वर्ग वेगळे आहेत का? १९७१ मध्ये कुक यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसताना सोव्हिएत संघात लेव्हिन यांनी, हा प्रश्न नेमका मांडला. १९७२ मध्ये कार्प यांनी २१ प्रश्नांची यादी दिली, त्यातला एक झटपट सुटला की एनपीतले सगळे सुटतात. ५० वर्षं उलटून गेली, उत्तर नाही.

माझा प्रश्न असा. समजा, उद्या कुणी पी आणि एनपी वेगळे आहेत हे सिद्ध केलं. मग माझं वर्गातलं वाक्य खरं ठरेल का?

रापणकर

मास्तरांनू, तुमचा लिखाण वाचलंय. माका येक सांगा. कुलूप फुटणा नाय ह्यां जर कोणीच सिद्ध करूक नाय, तर मग आमी त्येच्यार पैशे कित्याक ठेवतंव? मासेमारीची बंदी उठली काय माशांचो लिलाव सुरू जातलो, आता सगळे येवहार फोनार. माझो झील आठवीत आसा, तो माका इचारता आणि माका सांगूक येणा नाय.

दीपस्तंभ

रापणकर दादा, मी संगणकाच्या व्यवसायात आहे, माझ्या परीने सांगतो. विश्वास अनुभवावर आहे. १९७७ मध्ये आरएसए पद्धत (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराला किल्ली मानणारं कुलूप) आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी १२९ अंकी संख्या जाहीर केली, फोडणाऱ्याला १०० डॉलर. अब्जावधी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी १६०० च्या आसपास यंत्रं जोडून ती फोडली. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. आज वापरात असलेल्या २०४८ बिटांच्या किल्लीची संख्या ६१७ अंकी असते. जगभरची हुशार माणसं इतकी वर्षं धडका मारतायत आणि ती उभी आहे. आमच्या धंद्यात यालाच पुरावा म्हणतात.

जांभादगड

दीपस्तंभ, माहिती मोलाची, पण मला इथे अडखळायला होतं. १७ वर्षांत अब्जावधीचा अंदाज आठ महिन्यांच्या कामावर आला. गणिताच्या शिक्षकाने याला पुरावा म्हणावं का?

घाटमाथा

जांभादगड सर, मी मूळची वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात याच विषयावर काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पी आणि एनपी वेगळे निघाले तरी तुमचं वाक्य खरं ठरत नाही. कारण समजलं की हा सगळा विषय उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालवणच्या बंदराभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. माहितगार तांडेल होडी सरळ आत आणतो, परक्याची आपटते. आता 'हा प्रश्न पीमध्ये नाही' या वाक्याचा अर्थ पाहा. कुठलीही एक रीत घ्या, ती सगळ्या उदाहरणांवर झटपट चालणार नाही, कुठेतरी अडकेल. एवढंच. म्हणजे वर्षातल्या एखाद्या उधाणाच्या रात्री परकी होडी फुटेल, याची हमी. तेवढ्यावर सिंधुदुर्ग राखता येत नाही. किल्ल्याला असे खडक हवेत की परका कुठल्याही दिवशी आला तरी बहुतेक वेळा आपटलाच पाहिजे. तुमच्या विद्यार्थिनीने हेच दाखवलं: अवयव पाडणं अवघड असेलही, पण तुम्ही दिलेलं उदाहरण शांत समुद्रातलं होतं.

ही पहिली अट. दुसरी अशी की अवघड उदाहरण तयार करणाऱ्याला त्याचं उत्तर माहीत असलं पाहिजे. तुम्ही आधी दोन मूळ संख्या घेतल्या आणि मग गुणाकार केला, तसं. पुढे जाणं सोपं आणि मागे येणं बहुतेक वेळा अशक्यप्राय, अशा क्रियेला एकमार्गी फलन म्हणतात. बांबूच्या मासे धरायच्या टोपलीसारखं, आत जायची वाट रुंद आणि बाहेरची सापडत नाही. तिसरी अट सार्वजनिक किल्लीसाठी (बंद करायची किल्ली जगाला उघड, उघडायची फक्त मालकाकडे): टोपलीला एक चोरदरवाजा हवा, जो फक्त मालकाला माहीत असेल. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी या कल्पना जगापुढे मांडल्या, आणि त्याच लेखात त्यांनी कॉम्प्लेक्सिटी थिअरीकडे (कुठला प्रश्न किती अवघड, याच्या गणिताकडे) बोट दाखवलं होतं.

मग लोकांना वाटलं, कार्पच्या यादीतलाच प्रश्न घेऊ, त्याहून अवघड काय असणार? मर्कल आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये वजनांचं कोडं घेतलं. आंब्याच्या वखारीतलं उदाहरण घेऊ. पाच वजनं आहेत: २, ३, ७, १५, ३१. यातली काही काट्यावर ठेवली, बेरीज ४० आली. कुठली होती? ३१ हवंच, कारण बाकी चारांची मिळून बेरीज २७. उरले ९. १५ बसत नाही, ७ बसतं, उरले २. झालं. प्रत्येक वजन आधीच्या सगळ्यांच्या बेरजेहून जड असल्यामुळे हे सोपं आहे.

आता प्रत्येक वजनाला ६ ने गुणा आणि ६१ ने भागून बाकी घ्या: १२, १८, ४२, २९, ३. ही यादी जगाला द्या. पाठवणारा आपला निरोप वजनांच्या निवडीत लपवतो: मघाचीच तीन घेतली तर १२ + ४२ + ३ = ५७. बघणाऱ्याला नव्या यादीत कुठलीच रांग दिसत नाही. मालक मात्र ५७ ला ५१ ने गुणतो, ६१ ने भागतो, बाकी ४० येते आणि सोपं कोडं परत हातात. (६ × ५१ = ३०६, त्याला ६१ ने भागलं की बाकी १, म्हणून ५१.) खऱ्या वापरात यादी शंभरेक वजनांची आणि संख्या प्रचंड.

किती सुंदर आहे हे! आणि १९८२ मध्ये शमीर यांनी ते फोडलं. वजनांचं कोडं सर्वसाधारण रूपात आजही तितकंच अवघड मानलं जातं. पण मर्कल-हेलमन यांची यादी सर्वसाधारण नव्हतीच, सोप्या यादीला घातलेला मुखवटा होता तो. मुखवट्याखालची चाल ओळखू आली. एनपीच्या सर्वांत अवघड प्रश्नांत कुलूप बांधलं, तरी कुलूप त्या अवघडपणावर बसलेलं नव्हतं.

केवड्याचं_बन

घाटमाथाताई, एक शंका. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी मूळ संख्या झटपट ओळखायची रीत काढली तेव्हा आमच्या घरी पेपरात मोठी बातमी आली होती. वडील म्हणाले होते, आता बँका बुडणार. मग तसं का झालं नाही?

घाटमाथा

कारण संख्या मूळ आहे की नाही हे ओळखणं वेगळं आणि नसेल तर तिचे अवयव हाती देणं वेगळं. त्या तिघांची रीत 'ही संख्या फुटते' एवढं सांगते, कुठे फुटते ते सांगत नाही. उलट मूळ संख्या पटकन ओळखता येतात म्हणूनच किल्ल्या बनवता येतात. त्यासाठी जवळपास नेहमी बरोबर येणाऱ्या रीती १९७० च्या दशकापासून होत्याच. कानपूरच्या कामाने यात नशिबाचा काहीही भाग लागत नाही हे पक्कं केलं, आणि ते काम अतिशय मोठं आहे. बँकांशी त्याचा संबंध जोडला तो बातमी लिहिणाऱ्यांनी.

जांभादगड

ताईंनी सुचवल्यावरून रसेल इम्पाग्लियाझो यांच्या १९९५ च्या लेखाबद्दल वाचलं, आणि शिक्षक म्हणून मी हरखून गेलो. त्यांनी सगळा प्रश्न एका वर्गात आणून ठेवलाय. छोट्या गाउसला गुरुजींनी १ ते १०० ची बेरीज घातली आणि त्याने ती क्षणात केली, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. इम्पाग्लियाझो म्हणतात, समजा त्या गुरुजींना आता गाउसला अडवायचंच आहे. पण नंतर वर्गासमोर उत्तरही दाखवता आलं पाहिजे, नाहीतर अडवून उपयोग काय? हे जमेल का? आपण कुठल्या जगात राहतो त्यावर ते अवलंबून. अशी पाच जगं.

पहिलं अल्गोरिथ्मिका. तिथे पी आणि एनपी एकच (किंवा जवळपास एकच), गुरुजींनी काहीही घातलं तरी गाउस सोडवतो. दुसरं ह्युरिस्टिका. तिथे अवघड उदाहरणं आहेत, पण ती शोधून काढणंच जवळपास तितकं अवघड. उधाणाची रात्र आहे, पण ती कधी येणार ते गुरुजींना कळत नाही. म्हणजे पी आणि एनपी वेगळे असूनही कुलूप नाही! माझ्या प्रश्नाचं उत्तर या एका जगात होतं.

तिसऱ्या जगावर मी सगळ्यांत जास्त थांबलो. त्याचं नाव पेसिलँड. तिथे अवघड प्रश्न हवे तेवढे काढता येतात, पण काढणाऱ्यालाही त्यांचं उत्तर माहीत नसतं. गाउस अडतो आणि गुरुजीही अडतात. प्रश्न सुटत नाहीत आणि त्या न सुटण्याचा फायदाही कुणाला नाही. याहून वाईट जग नाही असं इम्पाग्लियाझो म्हणतात, आणि मला ते पटलं.

चौथं मिनिक्रिप्ट, जिथे एकमार्गी फलनं आहेत. पाचवं क्रिप्टोमेनिया, जिथे चोरदरवाजेही आहेत, आणि कधी न भेटलेली दोन माणसं चारचौघांत बोलून आपसात गुपित ठरवू शकतात. आपण सगळे पाचव्या जगात राहतो असं धरून चाललोय. आधीची चार जगं खोटी आहेत हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

दीपस्तंभ

मग एक रोखठोक विचारतो, राग नसावा. ही थिअरी आम्हाला देते काय? २०२२ मध्ये सिके नावाची पद्धत, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली, बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर तासाभरात फोडली. तिच्यामागची कल्पना दशकभर सगळ्यांसमोर होती. थिअरीने आधी सावध केलं नाही.

घाटमाथा

राग कसला, हाच प्रश्न आम्ही एकमेकांना विचारतो. सिकेचा अवघडपणा हा स्वतंत्र अंदाज होता, तो चुकीचा निघाला. असे अंदाज चुकणार नाहीत अशी हमी थिअरी देत नाही. ती काय देते ते सांगते.

एक म्हणजे, सुरक्षित कशाला म्हणायचं याची व्याख्या. ही आधी नव्हती! समजा आंब्याची बाग कराराने द्यायची आहे आणि बोल्या बंद करून मागवल्या. बोली १ लाख ते ५ लाखांत, हजाराच्या पटीत. म्हणजे शक्यता फक्त ४०१. तुम्ही तुमची बोली मालकाच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली. मी तीच किल्ली घेऊन ४०१ बोल्या एकेक करून बंद करते आणि तुमच्या पाकिटाशी ताडून बघते. जी जुळली ती तुमची. एकही अवयव न पाडता कुलूप उघडलं. १९८२ मध्ये गोल्डवॉसर आणि मिकाली यांनी दाखवलं की बंद करताना दर वेळी नवं यादृच्छिक (फासा टाकून काढल्यासारखं) काहीतरी मिसळलंच पाहिजे, आणि बघणाऱ्याला दोन निरोपांतला फरकही ओळखता येऊ नये, हीच व्याख्या हवी. पुढे २०१२ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च, त्यांना मिळाला. तुम्ही रोज वापरता ती प्रत्येक चांगली पद्धत या व्याख्येच्या घरची आहे.

दुसरं म्हणजे, गृहीतकं कमी करणं. शंभर कुलपं आणि शंभर वेगवेगळे अंदाज, असं राहिलं तर दर महिन्याला धास्ती. सिद्ध असं झालंय की फक्त एकमार्गी फलनं असतील, कुठलीही चालतील, तर त्यांच्यावरून छद्म-यादृच्छिक (यादृच्छिक नसून तसे भासणाऱ्या) आकड्यांचा झरा बनतो, आधी ठरलेल्या किल्लीचं कुलूप बनतं आणि डिजिटल सहीसुद्धा बनते. यातला झऱ्याचा निकाल चार जणांचा, पूर्ण रूपात १९९९ मध्ये छापला गेला; त्यातले दोघे म्हणजे वर आलेले लेव्हिन आणि इम्पाग्लियाझो. पण अनोळखी माणसांनी उघड्यावर किल्ली ठरवणं त्यातून निघत नाही असं दिसतं. इम्पाग्लियाझो आणि रुडिख यांनी १९८९ मध्ये दाखवलं की फलनाला बंद डब्यासारखं, आत न बघता वापरणाऱ्या रीतींनी तरी ते होणार नाही. मिनिक्रिप्ट आणि क्रिप्टोमेनिया यांच्यामधली भिंत ती हीच.

आणि तिसरं माझं सर्वांत आवडतं. १९९६ मध्ये आयटाई यांनी जाळीच्या प्रश्नांबद्दल एक प्रमेय दिलं. जाळी म्हणजे अनेक मितींत समान अंतराने पसरलेले बिंदू, त्यांत शून्य सोडून त्याच्या सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा. आयटाई म्हणाले, यादृच्छिकपणे उचललेली उदाहरणं जर कुणी झटपट सोडवली, तर त्या वर्गातलं सर्वांत वाईट उदाहरणही झटपट सुटेल. उधाणाची रात्र अवघड असेल तर रोजचा दिवसही अवघड! मी वर जी दरी सांगितली, ती एका ठिकाणी बुजली. २००५ मध्ये रेगेव्ह यांनी त्यावरून सोयीचं कुलूप बांधलं, आणि निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेलं किल्ली ठरवायचं नवं मानक त्याच घराण्यातलं आहे. शोर यांच्या १९९४ च्या रीतीने मोठा क्वांटम संगणक अवयव पाडू शकेल, जाळीवर तशी रीत सापडलेली नाही, म्हणून ही घाई. आणि गंमत बघा, वजनांचं कोडं पुढे ज्या हत्याराने पार भुईसपाट केलं ते हत्यार जाळीचंच होतं.

पण सर, वर्गात सांगाल तर हेही सांगा: आयटाई यांचं प्रमेय ज्या जाळी-प्रश्नांवर टेकतं ते कार्पच्या यादीतल्यांइतके अवघड नसावेत असंच मानायला सबळ कारणं आहेत. आणि प्रत्यक्ष वापरातले आकडे त्या प्रमेयातून निघत नाहीत, ते ठरतात दीपस्तंभ म्हणतात तशा धडकांच्या अनुभवावरूनच.

जांभादगड

म्हणजे दीपस्तंभ आणि मी दोघांनाही थोडं थोडं सरकावं लागलं. एक विचारू? मग पी-एनपी सिद्ध करण्यात इतकी अडचण का?

घाटमाथा

एक धागा थेट आपल्या विषयातूनच जातो. १९९४ मध्ये राझबोरोव्ह आणि रुडिख यांनी दाखवलं की पुरेशी मजबूत छद्म-यादृच्छिक फलनं असतील, तर सिद्धतेच्या एका मोठ्या, स्वाभाविक वाटणाऱ्या प्रकाराने हा प्रश्न सुटणारच नाही. कारण ती सिद्धता अवघड आणि सोपं यांतला फरक ओळखणारी असते, आणि तो फरक ओळखू न देणं हेच तर कुलपाचं काम. कुलपं खरोखर मजबूत असतील तर ती मजबूत आहेत हे दाखवायच्या वाटासुद्धा ती बंद करतात.

रापणकर

ताई, ह्यां शेवटचा वाचून मी थंयच बसान ऱ्हवलंय. माका सगळा समाजला असा नाय, पण तांडेलाचा समाजला. आता झिलाक काय सांगू?

जांभादगड

रापणकर दादा, त्याला सांगा: कुलूप फुटणार नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ते फुटलं तर नेमका कुठला प्रश्न सुटलेला असेल, हे सिद्ध केलेलं आहे, आणि त्या प्रश्नावर जगभर माणसं उघडपणे काम करतायत. आणि लिलावाच्या वेळी फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. तिथे कुलूप कुणी फोडत नाही, आपण दार उघडतो.

मुलासाठी एक गणित देतो. पुढच्या तासाला वर्गालाही हेच घालणार आहे. दोन वेगवेगळ्या माणसांच्या दोन किल्ल्या: १००६८०४२७ आणि १०१६०६०३९. दोन्ही फोडायच्या, अवयव पाडायची कुठलीही खास रीत न वापरता. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा हजारो किल्ल्या अशाच एका शाळकरी क्रियेने उघडल्या होत्या, कारण यंत्रांनी मूळ संख्या निवडताना पुरेसं यादृच्छिक काही घेतलंच नव्हतं.

केवड्याचं_बन

सर, उत्तर इथे लिहू नका कुणी, मी पण करून बघते.

रापणकर

मास्तरांनू, झिलान मसावि काढल्यान. नऊ भागाकार झाले, वहीचा पान भरला. १००६१. मगे दोनय संख्यांक तेणा भागल्यान, १०००७ आणि १००९९. आता तो इचारता, तुमच्या वर्गातल्या त्या चेडवाचा गणित ह्येच्यार चालता काय?

जांभादगड

शाब्बास! त्याला म्हणावं, पहिल्या संख्येचं वर्गमूळ काढून करून बघ, आणि किती पायऱ्या लागतात ते मला इथे कळव.